‘ॲलिलिक सल्फाइड’ आणि ‘उत्प्रेरण’ : मराठीत नेमके काय लिहावे?

प्रश्न (खानापूर, रसायनशास्त्राची शिक्षिका)

आपल्या भागातील मराठी माध्यमाच्या शाळांतून दहावी झालेली मुले पी.यू.सी.ला (अकरावी-बारावीला) गेली की रसायनशास्त्र एकदम इंग्रजीतून शिकू लागतात, आणि पुढे एम.एस्सी.ला पोहोचली तरी संकल्पना मनात मराठीतून पक्की करण्याची त्यांची सवय सुटत नाही. अशा विद्यार्थ्यांसाठी मी ॲलिलिक सल्फाइडे उत्प्रेरकाच्या (अंतिम उत्पादनात न दिसता अभिक्रियेचा वेग बदलणाऱ्या द्रव्याच्या) साहाय्याने कशी तयार करतात यावर एक टिपण लिहिते आहे. लिहिताना तीन ठिकाणी अडले. ‘ॲलिल’ हे नाव लसणावरून आले असल्यामुळे ‘ॲलिलिक’साठी ‘लशुनी’ असे विशेषण चालेल का? ‘सल्फाइड’ हाच शब्द ठेवावा की गंधकावरून काही घडवावे? आणि या पद्धतींना ‘उत्प्रेरक पद्धती’ म्हणावे, ‘उत्प्रेरकीय’ म्हणावे की ‘उत्प्रेरित’? कन्नड माध्यमातून आलेली मुले ‘क्रियावर्धक’ म्हणतात आणि तो अन ‘उत्प्रेरक’ एकच का, असे विचारतात. त्यांनाही नीट उत्तर द्यायचे आहे.

उत्तर (निपाणी, निवृत्त प्राध्यापक)

ताई, पहिल्या दोन प्रश्नांपुरते लिहितो.

नावाचा उगम आपण म्हणता तसाच आहे. थिओडोर वेर्टहाइम या रसायनशास्त्रज्ञाने १८४४ मध्ये लसणाच्या तेलाचा अभ्यास करताना त्यातील गटाला लसणाच्या लॅटिन नावावरून, म्हणजे ‘ॲलियम’वरून, हे नाव दिले. तरीही ‘लशुनी’ हा शब्द मी वापरणार नाही, आणि त्याचे कारण स्वयंपाकघरातच सापडते. ॲलियम ही प्रजाती लसूण आणि कांदा या दोघांचीही आहे. आपल्याकडच्या कन्नडमध्येही बेळ्ळुळ्ळी (लसूण) आणि उळ्ळागड्डी (कांदा) या दोन्ही शब्दांत ‘उळ्ळी’ तीच असते. परंतु रसायनशास्त्राला या दोघांत जो फरक दिसतो तो नेमका आपल्या विषयाचा गाभा आहे. लसणातील ॲलिइन या संयुगात गंधक ज्या कार्बनला जोडलेला असतो, तो कार्बन द्विबंधाच्या (दोन कार्बनांमधील दुहेरी बंधाच्या) शेजारी असतो. द्विबंध त्याच्या पलीकडे सुरू होतो. कांद्यातील तशाच संयुगात मात्र द्विबंध एक घर अलीकडे सरकलेला असतो आणि गंधक थेट द्विबंधाच्या कार्बनवरच बसलेला असतो. अणू तेच, त्यांची संख्याही तीच, केवळ द्विबंधाची जागा वेगळी. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी आणणारे द्रव्य या दुसऱ्या रचनेपासून तयार होते, आणि लसूण सोलताना किंवा ठेचताना तसे होत नाही. लसणाची रचना ॲलिलिक आहे, कांद्याची नाही. तेव्हा ‘लशुनी’ म्हटल्याने विद्यार्थ्याच्या मनात वास उभा राहील, जागा उभी राहणार नाही; आणि या शब्दाचा सारा अर्थ जागेत आहे. शिवाय ॲलिल अल्कोहोलमध्ये तर गंधकाचा अणूच नसतो, त्याला लशुनी म्हणणे कसे शोभेल?

याच ओघात ‘ॲलिल’ आणि ‘ॲलिलिक’ यांची सरमिसळ होऊ देऊ नये. ‘ॲलिल’ हे तीन कार्बनांच्या एका विशिष्ट गटाचे नाम आहे. ‘ॲलिलिक’ हे स्थानवाचक विशेषण आहे. रेणू कितीही मोठा असो, द्विबंधालगतच्या कार्बनचे स्थान ते ॲलिलिक. म्हणून प्रत्येक ॲलिल सल्फाइड हे ॲलिलिक सल्फाइड असते, पण उलट म्हणता येत नाही. माझे मत असे की शब्द ‘ॲलिलिक’ हाच ठेवावा आणि पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘द्विबंधालगतच्या कार्बनवर गंधक असलेले’ अशी फोड द्यावी.

‘सल्फाइड’ ठेवायला हरकत नाही, फक्त एक इशारा हवा. शाळेत विद्यार्थ्याला सल्फाइड भेटते ते धातूंच्या खनिजांत, जस्ताच्या किंवा शिशाच्या धातुकात, आणि ते भाजून ऑक्साइड करायचे असते एवढे त्याला आठवते. इथले सल्फाइड तसे नाही. येथे गंधकाचा एक अणू दोन्ही बाजूंनी कार्बनला जोडलेला असतो, जसा ईथरमध्ये ऑक्सिजन असतो. म्हणून ‘थायोईथर’ हे दुसरे नावही एकदा सांगून ठेवावे. लसणातील ॲलिसिनला मात्र कोणी चुकून सल्फाइड लिहू नये. त्यात गंधकाचे दोन अणू एकमेकांना जोडलेले असून त्यांपैकी एकावर ऑक्सिजन असतो.

उत्तर (चिकोडी, अनुवादक)

तिसऱ्या प्रश्नाचा व्याकरणाचा भाग थोडक्यात सांगतो. ‘उत्प्रेरित’ हे अभिक्रियेचे विशेषण आहे, कारण उत्प्रेरण अभिक्रियेचे होते, पद्धतीचे नव्हे. ‘उत्प्रेरक पद्धती’ असे लिहिले तर पद्धतीच उत्प्रेरकाचे काम करते असा अर्थ निघतो. ‘उत्प्रेरकीय’ व्याकरणाला धरून आहे, पण कानाला जड वाटतो. ‘उत्प्रेरणाच्या पद्धती’ किंवा ‘पॅलेडियम-उत्प्रेरित अभिक्रिया’ असे लिहिल्यास कुठेच अडचण येत नाही.

उत्तर (बेळगाव, सेंद्रिय रसायनशास्त्रातील संशोधक)

मॅडम, ‘क्रियावर्धक’ आणि ‘उत्प्रेरक’ यांच्याविषयी लिहिण्याआधी मुळात येथे उत्प्रेरक लागतो कशाला, हे टिपणात स्पष्ट असावे असे मला वाटते, कारण साधे ॲलिल सल्फाइड त्याच्यावाचूनही सहज तयार होते. थायॉलला (गंधक-हायड्रोजन गट असलेल्या संयुगाला) आम्लारी देऊन थायोलेट (त्याचा ऋणभारित आयन) करावे आणि ॲलिल ब्रोमाइडशी त्याची अभिक्रिया घडवावी, एवढे पुरते. मात्र ॲलिल ब्रोमाइड डोळ्यांना व श्वासमार्गाला फार झोंबणारे आहे, प्रत्येक रेणूमागे मिठाचा एक रेणू कचरा म्हणून उरतो, आणि ॲलिल गटाच्या एका टोकाला इतर गट जोडलेले असतील तर गंधक कोणत्या टोकाला जाईल यावर आपला पुरेसा ताबा राहत नाही. खरी अडचण ही तिसरी.

पॅलेडियमचा मार्ग जिरो त्सुजी यांच्या १९६५ च्या कामापासून सुरू होतो आणि बॅरी ट्रॉस्ट यांनी १९७० च्या दशकात फॉस्फिन लिगंड (धातूला जोडलेले फॉस्फरसयुक्त सहायक रेणू) वापरून तो पुष्कळ विस्तारला. दोघांच्या नावाने ही अभिक्रिया ओळखली जाते. पॅलेडियम द्विबंधाला धरतो, शेजारचा ॲसिटेट किंवा कार्बोनेट गट निघून जातो, आणि तीनही कार्बन मिळून धातूला बांधलेले राहतात. या अवस्थेला पाय-ॲलिल संकुल म्हणतात. आता या तुकड्याला दोन टोके आहेत आणि येणारा न्यूक्लिओफाइल (इलेक्ट्रॉनांची जोडी देऊन बंध जोडणारा घटक) दोन्हींपैकी कोठेही जोडला जाऊ शकतो. ही पद्धत प्रथम कार्बन न्यूक्लिओफाइलसाठी रुळली. गंधकाच्या बाबतीत लोक बिचकत होते, कारण गंधक पॅलेडियमसारख्या धातूला घट्ट चिकटतो आणि उत्प्रेरकाला निकामी करतो. मराठीत यासाठी ‘उत्प्रेरक-विष’ हा शब्द चांगला रुळलेला आहे आणि तो टिपणात अवश्य यावा. योग्य लिगंड निवडून ही अडचण दूर करता येते, आणि पॅलेडियमखेरीज रुथेनियम, इरिडियम, ऱ्होडियम यांच्या संकुलांनीही थायॉलपासून ॲलिलिक सल्फाइडे मिळवली गेली आहेत.

पॅलेडियम असताना गंधक बहुधा कमी गर्दीच्या टोकाला जातो आणि सरळ साखळीचे सल्फाइड मिळते. इरिडियमच्या योग्य संकुलाबरोबर तो गर्दीच्या टोकाला जातो आणि शाखायुक्त सल्फाइड मिळते. या शाखायुक्त रेणूत गंधकाला धरणाऱ्या कार्बनवर बहुधा चार वेगळे गट येतात, म्हणजे तो रेणू डाव्या-उजव्या हातांसारख्या, एकमेकांच्या आरशातील प्रतिमा असलेल्या दोन रूपांत, डावा किंवा उजवा असू शकतो. लिगंड स्वतः डावा-उजवा असेल तर यांपैकी एकच रूप मोठ्या प्रमाणात मिळवता येते. ऱ्होडियमच्या पद्धतीत आणखी एक सोय आहे. ॲलीन (एकाच कार्बनवर लागून दोन द्विबंध असलेले) किंवा संयुग्मी डाइन (मध्ये एक साधा बंध सोडून दोन द्विबंध असलेले) यांवर थायॉल सरळ जोडला जातो, निघून जाणारा गटच नसतो, त्यामुळे घातलेला प्रत्येक अणू उत्पादनात उतरतो. ट्रॉस्ट यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या संकल्पनेसाठी ‘अणूंची काटकसर’ हा शब्दप्रयोग मला मनापासून आवडतो, कारण काटकसर म्हणजे काय ते आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

आता ‘क्रियावर्धक’. रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड यांची व्याख्या अशी की उत्प्रेरक अंतिम उत्पादनात न दिसता अभिक्रियेचा वेग बदलतो. कन्नड शब्द या व्याख्येला अगदी धरून आहे, म्हणून त्या मुलांना ‘दोन्ही एकच’ असे निःशंकपणे सांगावे. कोणी म्हणेल की येथे उत्प्रेरक वेगापेक्षा दिशा ठरवतो, मग ‘वर्धक’ अपुरा नाही का? तसे नाही. सरळ आणि शाखायुक्त उत्पादनांकडे जाणाऱ्या वाटा वेगवेगळ्या आहेत; उत्प्रेरक त्यांतील एकीचा वेग दुसरीपेक्षा पुष्कळ अधिक वाढवतो, आणि आपल्याला दिसणारी दिशा ही या विषमतेतून येते. उलट ‘उत्प्रेरक’ या शब्दाबद्दलच थोडे सावध राहावे लागते, कारण ‘प्रेरणा’ हा अर्थ मनात असलेल्या विद्यार्थ्याला वाटते की मुळात न घडणारी अभिक्रियाही उत्प्रेरक घडवून आणतो. ऊर्जेच्या हिशेबात जी अभिक्रिया बसत नाही ती उत्प्रेरक घडवू शकत नाही, आणि समतोल कोठे असेल हेही तो बदलत नाही. शब्द मराठीत स्थिरावलेला आहे, तो बदलू नये. व्याख्येखाली हे वाक्य मात्र जोडावे.

प्रश्नकर्त्या (खानापूर)

तिघांचीही आभारी आहे. ‘लशुनी’ सोडून दिले. टिपणाचा आरंभ आता असा केला आहे : ‘द्विबंधालगतच्या कार्बनवर गंधक असलेल्या थायोईथरांना ॲलिलिक सल्फाइडे म्हणतात. पॅलेडियममुळे थायॉल आणि ॲलिलिक कार्बोनेट यांच्यात अभिक्रिया घडते आणि सरळ साखळीचे ॲलिलिक सल्फाइड तयार होते.’ यात काही खटकते का?

उत्तर (बेळगाव)

पहिले वाक्य उत्तम आहे. दुसऱ्यात ‘पॅलेडियममुळे’ हा शब्द खटकतो; अभिक्रियेचे कारण पॅलेडियम आहे असा अर्थ त्यातून निघतो. ‘पॅलेडियम उत्प्रेरक असताना’ असे लिहावे. ‘सरळ साखळीचे’ याच्या आधी ‘बहुधा’ घालावे, कारण लिगंड आणि ॲलिलिक गटाची रचना बदलली की प्रमाण बदलते. आणि कार्बोनेट निघून जाताना कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो हेही तेथेच सांगितल्यास आम्लारी वेगळी का घालावी लागत नाही, याचे उत्तर पुढच्या ओळीत देता येईल : उरलेला अल्कॉक्साइडच (अल्कोहोलचा ऋणभारित आयन) थायॉलमधला हायड्रोजन काढून घेतो.