मशीनला गार्ड (संरक्षक जाळी) मागितलं म्हणून कामावरून काढलं तर?

पूर्वभाग४२: सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल शेडमध्ये मोटारीच्या पट्ट्याला गार्ड नाही, रात्रपाळीला मागच्या दाराला कुलूप. मुकादमाला सांगितलं तर "जमत नसेल तर उद्यापासून येऊ नका" म्हणाला. नेमणूकपत्र कुणालाच नाही. तक्रारही करायची आणि कामही टिकवायचं, तर कसं?

जॉबर: तोंडी सांगणं आता बंद. मे २०२५ मध्ये याच एमआयडीसीत टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जीव गेलेत, कुलपाचा मुद्दा अर्जात सगळ्यात वर घ्या. मालकाच्या नावे एक पान: लूमचा (मागाचा) नंबर, कुठला पट्टा उघडा, कुठलं दार, कोणत्या पाळीत, तारीख. चार-पाच जणांच्या सह्या घ्या, एकट्याचं नाव पुढे येत नाही. प्रत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या सोलापूर कार्यालयाला. व्यावसायिक सुरक्षा संहिता २०२० च्या कलम १४ मध्ये सुरक्षेच्या त्रुटी मालकापुढे मांडायचा हक्क दिलेला आहे.

पूर्वभाग४२: ऑफिसात अर्ज घेतलाच नाही तर?

जॉबर: पोचसह स्पीड पोस्ट करा, पावती घरी ठेवा.

लेबरकोर्ट_सोलापूर: त्या पावतीवरची तारीख हाच खरा आधार. अर्ज आधी आणि कामबंदी नंतर, हे कागदावर दिसलं तर सूडबुद्धी दाखवता येते. महाराष्ट्रात १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा कायद्यात, अनुसूची ४, बाब १ खाली सूडाने काढणं येतं. तक्रार ९० दिवसांत लेबर कोर्टात. निकालाआधी अंतरिम आदेशही मागता येतो. शेडमध्ये पन्नासपेक्षा कमी लोक आहेत म्हणून हा कायदा लागत नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पन्नासची अट युनियनच्या मान्यतेसाठी आहे.

बहुतेक केस बिघडतात त्या पुढच्या आठवड्यात. "येऊ नको" ऐकून माणूस घरी बसतो आणि मालक लिहितो, स्वतःहून काम सोडलं. दुसऱ्या दिवशी पाळीच्या वेळी गेटवर जा. आत घेतलं नाही तर त्याच दिवशी पत्र टाका: आलो होतो, आत सोडलं नाही, कामाला तयार आहे. हिशेबाच्या नावाखाली कोऱ्या कागदावर किंवा राजीनाम्यावर सही अजिबात देऊ नका.

वार्पिंगवाला: नेमणूकपत्र नसेल तर पीएफ पासबुक आणि ईएसआय (कामगार विमा) कार्ड आजच डाऊनलोड करा, पासबुकात महिन्यागणिक नोंद दिसते. मुकादमाचे व्हॉट्सॲप मेसेज असतील तर फोन विकू नका, नुसता स्क्रीनशॉट कोर्टात कमी पडतो.