मदत हवी आहे: गणपतीला पुण्याहून कणकवली, कुठला घाट धरावा?

नमस्कार. आम्ही मूळचे कणकवली तालुक्यातले, पण घरातले सगळे मुंबईचे चाकरमानी. आजवर गणपतीला जायचं म्हणजे कोकण रेल्वेचं तिकीट मिळालं तर ठीक, नाहीतर एसटीची जादा गाडी. आता नोकरीमुळे पुण्यात आलोय आणि यंदा पहिल्यांदाच स्वतःची गाडी घेऊन जायचं आहे. चालवणार मी एकटीच, नवऱ्याला चालवता येत नाही. घरात रस्ता विचारला तर काका, आत्या सगळ्यांचं एकच उत्तर: "आधी पनवेलला ये." यंदा चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी. म्हणजे शुक्रवारी रात्रीपासून अख्खी मुंबई त्या महामार्गावर असणार, आणि पुण्याहून मुद्दाम जाऊन मी त्यांच्या शेपटीला लागू?

ताम्हिणीने माणगावला उतरणं त्याच कारणाने बाद केलंय. कशेडीला बोगदा झाला हे मान्य, पण माणगावपासून पुढे गर्दी तीच. वरंधची तर पावसाळ्यात खात्रीच नसते.

मग उरतात कोल्हापूरकडचे घाट. गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा उतरून वैभववाडी. राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाटाने थेट कणकवली. किंवा मलकापूरहून अणुस्कुरा उतरून ओणीला महामार्ग गाठायचा आणि राजापूर, खारेपाटण, तळेरे असं खाली यायचं. नकाशावर तिन्ही सारखेच दिसतात. सप्टेंबरच्या पावसात ते कसे असतात ते तिथून गेलेल्यांनीच सांगावं.

गाडी २०१७ ची, पेट्रोल, एएमटी (म्हणजे क्लच पेडल नाही, गिअर आपोआप पडतात). शहरात सवयीची आहे, घाटात कधी नेली नाही. उतारावर काय करायचं? सासूबाईंना वळणं लागतात, त्यामुळे कमी वळणांचा घाट मिळाला तर जास्त किलोमीटर चालतील. आणि टोलमाफीचा पास पुण्यातून मिळतो का? नंबर प्लेटही जुनीच आहे, तेवढ्यासाठी वाटेत अडवतात का?

प्रतिसाद

ताई, पनवेल टाळताय ते उत्तम. करूळ घाट रुंदीकरणासाठी २०२४ च्या जानेवारीत बंद केला होता, पुढच्या वर्षी सुरू झाला. रस्ता आता चांगला आहे, पण जोराचा पाऊस झाला की दरड येते आणि वाहतूक भुईबावड्याने वळवतात. भुईबावडा अरुंद आहे, पहिल्या घाटासाठी मी तो सुचवणार नाही. शिवाय कोल्हापूर-गगनबावडा रस्त्यावर मांडुकलीजवळ कुंभी नदीचं पाणी येतं. घाट सुरू आणि त्याच्या अलीकडचा रस्ता बंद, असंही होतं तिकडे.

अणुस्कुरा देखणा आहे, पण वळणं बघता सासूबाईंना तिकडून नेऊ नका.

प्रतिसाद

रातीचो घाट धरू नको गो बाय. फोंड्यान ये, उजेडात ये.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत, फोंडाच. दाजीपूरचा पट्टा जंगलाचा आहे, गवे रस्त्यावर येतात आणि धुक्यात काळा गवा अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. म्हणून उजेडात. धुक्यात डिपर खालचाच ठेवा, वरचा लावला की समोर नुसती पांढरी भिंत दिसते. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावायची पद्धत पडली आहे, ती पाळू नका. मागच्याला तुम्ही कुठे वळताय तेच कळत नाही.

आता एएमटीचं. उतरताना गाडी ऑटोवर सोडली की ती वरचा गिअर टाकते, मग सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि पकड सुटायला लागते. त्यामुळे घाट सुरू होण्याआधीच मॅन्युअलवर घेऊन दुसरा गिअर ठेवा, ब्रेक अधूनमधून दाबून सोडा. न्यूट्रलमध्ये उतरायचं नाही, पेट्रोल वाचतं म्हणून कोणी कितीही सांगो. चढावर गाड्या तुंबल्या तर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नका, क्लच जळतो. पाय ब्रेकवर, सुटताना हँडब्रेकचा आधार. अरुंद जागी समोरून कोणी चढत आलं तर थांबायचं उतरणाऱ्याने, म्हणजे जाताना तुम्ही.

सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवा आणि नवऱ्याला मागे पाठवा. निम्मा त्रास तिथेच कमी होईल. गोळी द्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून घाटाच्या तासभर आधी द्या, उलटी सुरू झाल्यावर देऊन उपयोग नाही.

प्रतिसाद

पास मिळतो. सरकार दरवर्षी चतुर्थीच्या आधी टोलमाफी जाहीर करतं, पास आरटीओ, वाहतूक पोलीस आणि पोलीस ठाण्यात देतात. मुंबई-बंगळूर महामार्गाने जाणाऱ्यांनाही तो लागू असतो, हे पुण्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. परतीलाही चालतो, काचेवर चिकटवून टाकू नका, जपून ठेवा. यंदाचा आदेश निघाला की जवळच्या ठाण्यात चौकशी करा.

नंबर प्लेटचं आत्ताच उरकून घ्या. १ एप्रिल २०१९ आधीच्या सगळ्या गाड्यांना नवी उच्च सुरक्षा प्लेट (एचएसआरपी) लावायची आहे. नोंदणी परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरूनच करा, हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइट आहेत. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. पीयूसीची तारीखही बघा. कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये असली तरी चालतात, पण घाटात रेंज नसते, आधीच उघडून ठेवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. फोंडा पक्का. शनिवारी पहाटे निघू. एक राहिलंच: राधानगरीला कोल्हापुरातून जायचं की पुढे निपाणीहून?

प्रतिसाद

निपाणीहून. सणाच्या तोंडावर कोल्हापूर शहरात शिरलात की रंकाळ्यापर्यंतच दमाल. निपाणीहून मुदाळ तिट्टा, राधानगरी, दाजीपूर, हाच देवगड-निपाणी राज्यमार्ग. साताऱ्यापुढे सहापदरीकरणामुळे ठिकठिकाणी रस्ता वळवलाय, तिथला वेळ धरून चला. आणि निघायच्या आदल्या रात्री पंचगंगेची पातळी बघा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद होता. तसं काही दिसलं तर कराडहून मलकापूर आणि अणुस्कुरा, मग सासूबाईंसाठी लिंबू आणि पिशव्या जास्त घ्या.