शब्दचर्चा : ‘मिश्र थराची खोली’ आणि तिचा अंदाज

प्रश्न (आर्वी, जि. वर्धा) : शाळेच्या भित्तिपत्रकात हैदराबादच्या इन्कॉइसचा (समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा) समुद्राचा अंदाज मराठीत द्यायचा आहे. ‘मिक्स्ड लेयर डेप्थ’ला ‘ढवळलेल्या थराची खोली’ चालेल का?

पवनी, जि. भंडारा : ‘ढवळलेलं’ म्हटलं की आपल्याकडं गढूळ पाणी डोळ्यांपुढं येतं. इथं गाळाचा संबंध नाही. वाऱ्यानं आणि रात्री वरचं पाणी गार होऊन खाली बसल्यानं समुद्राच्या वरच्या थरात तापमान, क्षारता (खारेपणा) नि घनता एकसारखी होते. वखराची पास जिथवर जाते तिथवर माती भुसभुशीत, खाली घट्ट, तसंच हे. ‘मिश्र थर’ लिहा. पहिल्या वेळी ‘मिश्र थराच्या तळाची खोली’ म्हणा, नाहीतर पोरं समुद्राचीच खोली समजतील.

सिरोंचा, जि. गडचिरोली : मास्तर, हा थर कुठं संपतो याची कसोटीही द्या. रूढ कसोटी अशी : 10 मीटरवरच्या तापमानाहून पाणी 0.2 अंशानं गार होतं ती खोली. किंवा घनता घनमीटरमागं 0.03 किलोनं वाढते ती. सुरुवात 10 मीटरवरून, कारण दुपारच्या उन्हानं वरचे काही मीटर तात्पुरते तापतात.

बंगालच्या उपसागरात या दोन कसोट्यांचं एकमेकींशी जमत नाही. आपली वर्धा-वैनगंगा प्राणहितेतून गोदावरीत नि तिथून याच उपसागरात जाते; गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदीही तिथंच. गोडं पाणी हलकं, ते वरच तरंगतं. समजा 28.9 अंशाचं पाणी 48 मीटरवर 28.7 झालं, पण क्षारता (दर किलो पाण्यात ग्रॅम मीठ) 20 मीटरवरच 32.0 ची 32.6 झाली. एवढ्यानं घनता 0.4 हून अधिक वाढते, म्हणजे मिश्र थर 20 मीटरच्या आत संपला. मधला उबदार पट्टा म्हणजे ‘अडथळा थर’. नुसत्या तापमानावर काढलेला आकडा दुपटीहून जास्त फुगतो. हा पट्टा जाड असला की चक्रीवादळ पाणी घुसळूनही खालचं गार पाणी वर आणू शकत नाही; वादळाला ऊब मिळत राहते.

पवनी : अंदाजही यातच फसतो. अंदाज काढणाऱ्या संगणकी मॉडेलला वारा, ऊन, बाष्पीभवन, पाऊस, नद्यांचं पाणी नि सुरुवातीची स्थिती लागते. आर्गो तरंगक (समुद्रात सोडलेलं, आपोआप मोजणारं यंत्र) दर 10 दिवसांनी 2000 मीटरपासून वर येत मोजतो. मधल्या दिवसांत पडलेला मुसळधार पाऊस त्याला दिसत नाही.

आर्वी : मग ‘भाकीत’ की ‘अंदाज’?

सिरोंचा : ‘अंदाज’च. वाक्य असं करा : ‘मिश्र थराच्या तळाची खोली उद्या अंदाजे 20 मीटर (घनतेच्या कसोटीनं).’ कंसातली कसोटी गाळू नका.