प्रवासातले कपडे: तुमचे अनुभव सांगा

"प्रवासाला कशाला चांगले कपडे, मळतातच" हे ऐकत मोठी झाले आणि बरीच वर्षं मीही तसंच करायचे, रंग उडालेला टीशर्ट नि ढगळ ट्रॅकपँट. मग एका कामाच्या दौऱ्यात मी पोचले आणि माझी बॅग पोचली दोन दिवसांनी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच ट्रॅकपँटमध्ये दहा अनोळखी लोकांसमोर बसून बोलावं लागलं. कोणी काही म्हणालं नाही, पण पूर्ण वेळ मी टेबलाखाली गुडघ्यावरचा डाग हाताने झाकून बसले होते. तेव्हापासून विमानात असंच घालते की उतरल्या उतरल्या कुठेही जाता येईल, गडद रंगाची जरा ताणली जाणारी पँट, चुरगळला तरी न दिसणारा शर्ट, वर जॅकेट. शिवाय एक जोड हातातल्या बॅगेत असतोच. आणि खरं सांगते, झोपही छान लागते त्यात. तुमचे अनुभव लिहा ना, फजिती, युक्त्या, सगळं चालेल.

*

छान विषय. माझं डोंगरातलं. पायथ्याशी उकडत होतं म्हणून जीन्स आणि कॉटनचा टीशर्ट घालून निघालो. दर १,००० मीटरला तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरतं हे शाळेत पाठ केलेलं, अंगाला कळलं त्या दिवशी. दुपारी पाऊस आला, जीन्स भिजून इतकी जड झाली की पाऊल उचलताना गुडघ्याला ओढ बसायची, वर वारा सुटला नि दात वाजायला लागले. सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि ओलं झालं की ऊब देतच नाही, लोकर ओली झाली तरी थोडीफार राखते. आता आत पातळ मेरिनो लोकर, त्यावर फ्लीस (मऊ, लवदार उबदार कापड), सगळ्यात वर वारापाऊस अडवणारं जाकीट. एका जाड स्वेटरपेक्षा हे तीन थर कितीतरी बरे. चढायला लागायच्या आधीच एक थर काढायचा, घाम आल्यावर नाही, कारण तोच घाम थांबल्यावर गार पडतो.

*

आम्हाला एका प्रार्थनास्थळाच्या दारातून परत यावं लागलं. भाऊ हाफ पँटमध्ये होता, तासभर उन्हात रांगेत उभं राहून दाराशी पोचलो आणि त्याला बाजूला काढलं. मला सोडत होते पण त्याला एकट्याला बाहेर ठेवून कशी जाणार, दोघंही परत फिरलो. फार वाईट वाटलं. नंतर वाचलं की व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स बॅसिलिकातही खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, बायकांचेही आणि पुरुषांचेही. आपण तिथे पाहुणे, त्यामुळे मला हे पटतं. आता अंगभर पुरेल असा एक मोठा पातळ स्टोल कायम बॅगेत असतो, डोक्यावर, खांद्यावर, कमरेला, आणि विमानात गारठलं की पांघरायला.

*

कपडे निवडताना कायदासुद्धा बघा हं. बार्बाडोस, जमैका अशा काही कॅरिबियन देशांत सामान्य माणसाला लष्करी कॅमोफ्लाज छापाचे कपडे घालायला बंदी आहे. बार्बाडोसमध्ये तर लहान मुलांनाही. मी मुलाची आवडती पँट बॅगेतून काढून ठेवली होती.

*

बुटांबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? लांबच्या विमानप्रवासात बसून बसून पाय सुजतात. मी नवेकोरे बूट घालून बसलो, मध्येच काढले आणि उतरताना काही केल्या टाच आत जाईना, शेवटी टाचेखाली दाबून फरफटत बाहेर आलो. तेव्हापासून निदान दोन आठवडे वापरलेले, नाड्या सैल करता येतील असेच बूट. मोजे घालाच, सुरक्षा तपासणीत बूट काढायला लावले तर अनवाणी चालावं लागत नाही.

*

आईने माझ्या पँटला आतून चोरखिसा शिवून दिलाय. पासपोर्ट जगभर साधारण १२५ गुणिले ८८ मिलीमीटरचा असतो, तिने तो कापडावर ठेवून खडूने आखला, चारी बाजूंनी बोटभर जास्त सोडलं आणि वरून चेन लावली. कमरेच्या पट्टीच्या आत, पोटापाशी, त्यामुळे बसलं तरी टोचत नाही. बायकांच्या कपड्यांना धड खिसे का देत नाहीत देव जाणे. गर्दीत माझा हात सारखा पर्सकडे जायचा, आता नाही जात.

*

सगळ्यांचे आभार, चोरखिसा तर मी शिवून घेणारच. कमी कपड्यांत भागवायचं तर रात्री धुवून सकाळी वाळतात का असं एकीने विचारलंय. वाळतात, पण नुसतं पिळून टांगू नका. पिळलेला शर्ट कोरड्या टॉवेलवर पसरायचा, टॉवेलसकट घट्ट गुंडाळायचा आणि त्या गुंडाळीवर उभं राहून पायाने दाबत जायचं. बरंचसं पाणी टॉवेलमध्ये उतरतं. मग हॅंगरवर घालून, कॉलर नि बाह्या हाताने ओढून सरळ करायच्या. पातळ सिंथेटिक किंवा मेरिनो असेल तर सकाळपर्यंत घालण्याजोगा होतो. जीन्स मात्र नाही वाळत, मी दोनदा करून बघितलंय.