पाटकरी की कालवा अधिकारी?

एका कथेचं मराठी भाषांतर करतेय. त्यात रात्री कालव्याचं दार उघडून शेताला पाणी देणारा सरकारी माणूस आहे. त्याला 'कालवा अधिकारी' म्हणावं का? सांगली-साताऱ्याकडच्यांनी सांगावं.

– ताई, 'कालवा अधिकारी' नको. आमचं रान वाळवा तालुक्यात, कृष्णा कालव्यावर. कऱ्हाडजवळ खोडशीच्या बंधाऱ्यातून निघणारा हा ब्रिटिशांच्या वेळचा कालवा. इथं दार उघडतो तो पाटकरी. पाट म्हणजे पाण्याची वाट, आणि 'करी' शेतकरी, वारकरी यातलाच. आमच्या चारीचा, म्हणजे कालव्यातून फुटणाऱ्या लहान पाटाचा, पाटकरी सायकलवरून यायचा, कॅरिअरला दाराची लोखंडी चावी सुतळीनं बांधलेली. बॅटरी तोंडात धरून आटे मोजत फिरवायचा. "अजून दोन आटे द्या की," असं कुणी म्हटलं, की म्हणायचा, "टेलची लागण भिजायचीय अजून." टेल म्हणजे चारीचं शेवटचं टोक, लागण म्हणजे नवा लावलेला ऊस. शेजपाळीत, म्हणजे ठरलेल्या क्रमानं पाणी देताना, पाणी टेलकडून वर यायचं असतं. ते राखणारा माणूस म्हणजे पाटकरी. आम्हा टेलवाल्यांना त्याची किंमत जास्त कळते.

त्याच्या वर कालवा निरीक्षक. सात नंबरचा अर्ज, म्हणजे शेतकऱ्याची पाण्याची मागणी, भिजलेल्या क्षेत्राची नोंद हे त्याच्याकडे. मोजणीदार वेगळा. जलसंपदा विभागाच्या 2023 च्या भरतीत ही दोन्ही पदं होती, पाटकरी नव्हता. पण गावात निरीक्षकालाही 'पाटकरी साहेब' म्हणणारे आहेत, म्हणून घोळ होतो.

'कालवा अधिकारी' हा कायद्यातला शब्द, 1976 च्या महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियमातला. त्या कायद्याचे अधिकार ज्याला दिलेत तो कालवा अधिकारी, बहुधा अभियंता. नोटिशीवर सही त्याची असते. बांधावर 'कालवा अधिकारी आला' असं मी कधी ऐकलं नाही. तुमच्या कथेत दार उघडतंय, तेव्हा पाटकरीच लिहा.

– पाटकरी बरोबर, पण 'सरकारी' तपासून घ्या. 2005 च्या कायद्यानंतर ज्या चाऱ्या पाणी वापर संस्थांकडे गेल्या, तिथं पाटकरी संस्थेचा असतो, पगारही संस्थाच देते. आमच्या कवठेमहांकाळकडं म्हैसाळ योजनेचं, पंपानं उचललेलं पाणी. पंप सुरू झाले की लोक 'आवर्तन सुटलं', म्हणजे पाण्याची पाळी सुरू झाली, म्हणतात, आणि पहिला फोन पाटकऱ्यालाच जातो.

– आभार दोघांचे. कथा 1980 सालची आहे, म्हणजे माझा पाटकरी सरकारीच. सायकलच्या कॅरिअरवरची चावी मात्र मूळ कथेत नाही, ती घालायचा मोह आवरावा लागेल.