मदत हवी आहे: आईच्या मानेचं ऑपरेशन, पायाचा सिग्नल पडून परत आला, याचा अर्थ काय?

नमस्कार. आई ६७ वर्षांची. दिवाळीच्या सुमारास तिला फुलवाती वळता येईनात. कापूस बोटांत आहे की सुटलाय, तेच तिला कळायचं नाही. ब्लाउजचे हुक मी लावून द्यायचे. मग एकदा देवळातून घरी आली तर एकाच पायात चप्पल. दुसरी कुठे निघाली याचा पत्ताच नाही. तोवर सगळे संधिवात म्हणत होते. एमआरआयमध्ये मानेत दोन ठिकाणी मज्जारज्जूवर दाब निघाला.

ऑपरेशनला आता सहा आठवडे झाले. त्या वेळी न्यूरोमॉनिटरिंग (ऑपरेशन चालू असताना नसांचे सिग्नल तपासत राहणं) लावलं होतं. सर्जननी आधी नीट समजावलं होतं: एसएसईपीत घोट्याजवळच्या नसेला बारीक शॉक देतात आणि तो मज्जारज्जूतून मेंदूपर्यंत कधी पोचतो ते बघतात, साधारण ४० मिलिसेकंद लागतात. एमईपी उलट दिशेने, शॉक डोक्यावर आणि पायाचा स्नायू उत्तर देतो का ते बघायचं. त्यात जबडा आवळला जातो म्हणून दातांत गॉजची गुंडाळी ठेवतात. तरी आईची जीभ दोन दिवस सुजली होती, भातसुद्धा गिळवत नव्हता.

दाब काढताना डाव्या पायाचा एमईपी निम्म्याच्याही खूप खाली गेला. त्यांनी काम थांबवलं, रक्तदाब वाढवला, वीस मिनिटांत सिग्नल परत आला. एसएसईपी हलला नव्हता.

आता हात बरेच सुधारलेत. दहा सेकंदांत मूठ किती वेळा उघडमिट होते ते मी मोजते (वीसच्या आसपास हवं म्हणतात). आधी ११ व्हायचं, परवा १७ झालं. मला रडूच आलं. पण डावा पाय अजून जड आहे, आणि परवाच्या एसएसईपीत त्या बाजूचा सिग्नल उशिरा येतोय. त्या वीस मिनिटांत काही कायमचं बिघडलं असेल का? आणि हा उशीर कधी भरून निघतो का? रात्री झोप लागत नाही. कुणाच्या घरी असं झालं असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद

ताई, मी ऑपरेशन थिएटरमध्ये हेच मॉनिटरिंग करतो. टाके घालेपर्यंत एमईपी परत आला असेल तर ते चांगलं लक्षण. आत्ताचा उशीर एसएसईपीतला आहे. ती वाट मज्जारज्जूच्या मागच्या भागातली, पाय कुठे पडतोय हे मेंदूला सांगणारी. ताकदीची वाट वेगळी, ती एमईपीत दिसते. ऑपरेशनआधीच्या दाबामुळेही हा उशीर असू शकतो, म्हणून आधीचा एसएसईपी असेल तर शेजारी ठेवून बघा. चालणं सुधारूनही आलेख मागे राहिलेले पेशंट मी पाहिलेत. बहुतेक सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत होते, तुमचे सहाच आठवडे झालेत. तोवर आईंना मागे पट्टा असलेली चप्पल द्या, अंधारात एकटं उठू देऊ नका. पाय आणखी जड झाला किंवा लघवीवरचा ताबा बिघडला तर त्याच दिवशी सर्जनना दाखवा.

रिपोर्टमध्ये शेवटचे आलेख असतील. डाव्या पायाचा एमईपी सुरुवातीच्या किती टक्के भरला, ते बघून इथे लिहा.