सल्ला हवा: डोळ्याच्या नसेला सूज, एमएसची (मल्टिपल स्क्लेरोसिस, नसांचं आवरण झिजवणारा आजार) शंका, नागपुरात पुढं काय करावं?

शेवंती
नणंद, वय २९. चार दिवसांपासून डाव्या डोळ्यानं धुरकट दिसतं, डोळा फिरवला की आत दुखतं. दीड वर्षापूर्वी तीन आठवडे पायांना मुंग्या होत्या, आपोआप गेल्या. नेत्रतज्ज्ञ म्हणाले पडदा ठीक आहे, ऑप्टिक न्यूरायटिस (डोळ्याच्या नसेची सूज) वाटतो, न्यूरॉलॉजिस्टकडे जा. तोवर प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू कराव्यात असं घरच्यांचं मत. करू का? आणि कुठं न्यावं?

हातोडी
नका करू ताई. १९९२ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. त्यात वजनाच्या किलोमागं १ मिग्रॅ या मात्रेत नुसत्या गोळ्या घेतलेल्यांना हा त्रास पुन्हा होण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट निघालं. गोळी वाईट नाही, ती मात्रा तोकडी आहे. नेहमीचा उपचार म्हणजे मिथाइलप्रेडनिसोलोन (हेही स्टेरॉइडच) रोज १ ग्रॅम, सलाईनमधून, ३ ते ५ दिवस. सलाईन किमान तासभर चालू द्या. घाईनं सोडलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. सकाळीच लावून घ्या, नाहीतर रात्री झोप येत नाही. तोंडाला धातूची चव आणि चेहरा लाल होणं हे होतंच, घाबरू नका.

आधी रक्तदाब, साखर, पोटॅशियम, लघवीची तपासणी, छातीचा एक्स-रे. आपल्याकडे लपलेला टीबी स्टेरॉइडनं उफाळतो. एवढं मात्र धरून चला की स्टेरॉइडनं नजर लवकर परतते, पण शेवटी किती परतणार ते फारसं बदलत नाही. म्हणून 'आजच्या आज' अशी धावपळ नको, पण आठवडाही घालवू नका.

पॅराफिन
वरच्यात एक भर. सलाईन लागायच्या आधी रक्त काढून ॲक्वापोरिन-४ आणि मॉग या अँटिबॉडींसाठी पाठवा. पद्धत 'सेल-बेस्ड' (पेशींवर केलेली तपासणी) हवी. एलायझा या दुसऱ्या पद्धतीत चुकीचे पॉझिटिव्ह जास्त येतात. हे काहून महत्त्वाचं? एनएमओ नावाचा आजार, जो ॲक्वापोरिन-४ अँटिबॉडीवरून ओळखतात, सुरुवातीला हुबेहूब एमएससारखा दिसतो, पण एमएसची इंटरफेरॉन आणि फिंगोलिमोड ही औषधं त्यात उलट नुकसान करतात. मात्र रिपोर्ट येईस्तोवर सलाईन अडवून ठेवू नका.

एमआरआयच्या चिठ्ठीवर नुसतं 'ब्रेन' असेल तर परत लिहून घ्या: मेंदू, डोळ्यांच्या खोबणी (फॅट सप्रेशनसह) आणि मणका, तिन्ही, काँट्रास्ट देऊन. फोटोत खोबणीतल्या चरबीची चमक दाबली नाही तर तिच्या पांढऱ्यात नसेची सूज हरवते. काँट्रास्टआधी क्रिएटिनिन लागतं. वर सांगितलेल्या १९९२ च्या चाचणीतल्या पेशंटांचा १५ वर्षं पाठपुरावा झाला: एमआरआयमध्ये मेंदूत एकही डाग नसलेल्यांपैकी २५ टक्क्यांना पुढं एमएस झाला, एक वा जास्त डाग असलेल्यांपैकी ७२ टक्क्यांना. त्या जुन्या मुंग्या न विसरता सांगा, निदानात त्यांचं वजन आहे. २०२५ मध्ये आलेल्या नव्या मॅकडोनाल्ड निकषांत (एमएसच्या निदानाचे नियम) डोळ्याची नसही धरली आहे, म्हणून ओसीटी (पडद्याच्या थरांचं स्कॅन) आणि व्हीईपी (डोळ्याकडून मेंदूत संदेश किती वेळात पोचतो ते मोजणं) करून ठेवलेलं बरं.

गोकुळपेठी
ठिकाणं: मेडिकलचं (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं) सुपर स्पेशालिटी, मिहानमधलं एम्स, नाहीतर धंतोली-रामदासपेठेतले खासगी न्यूरॉलॉजिस्ट. ओपीडीचा वार आधी विचारा. एमआरआयचं नुसतं प्रिंट नको, सीडी मागा.

शेवंती
आभार सगळ्यांचे. सकाळी बरं दिसतं आणि दुपारी एकदम धूसर. आजार वाढतोय का?

हातोडी
बहुधा नाही. याला उथॉफ म्हणतात. आवरण गेलेली नस तापली की संदेश अडखळतो, थंड झाली की पूर्ववत. नवतपा असो की स्वयंपाकघराची वाफ, अर्ध्या अंशाचा फरकही पुरतो. तापात नि लघवीच्या संसर्गातही हेच होतं, म्हणून नजर अचानक खालावली की आधी थर्मामीटर लावा. नवा हल्ला तेव्हाच धरायचा, जेव्हा ताप नसताना लक्षण २४ तासांहून जास्त टिकतं.

मे महिन्यात कूलर चालेल, हवा कोरडी असते. पहिला पाऊस पडला की तोच कूलर दमट हवा फेकतो. तेव्हा एसी, किंवा मानेवर ओला पंचा आणि पंखा. अंघोळ कोमट-गारच.

पॅराफिन
घरी रोज एक डोळा झाकून एकाच लाल झाकणाकडं बघायला सांगा. आजारी डोळ्याला ते फिकट, विटकरी दिसतं. नोंद तारखेनिशी ठेवा. सुधारणा साधारण दोन-तीन आठवड्यांत सुरू होते. दोन आठवड्यांनंतरही नजर घसरत राहिली, दुसराही डोळा गेला, किंवा सलाईननं काडीचा फरक पडला नाही, तर प्लाझ्मा एक्सचेंजबद्दल (रक्तातला प्लाझ्मा काढून बदलणं) लगेच विचारा. आणि तोवर तिला गाडी चालवू देऊ नका. दोन डोळ्यांचे संदेश मागं-पुढं पोचले की हलत्या वस्तूचं अंतर चुकतं. वर्धा रोड ओलांडतानाही कुणी सोबत हवं.

शेवंती
रक्त आज दिलं. एमआरआय उद्या सकाळी, तिन्ही भाग लिहून घेतले. सलाईन परवापासून.